मागून आणलेला कुत्रा आणि न उडालेला पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

‘धंदेवाईक’ हा शब्द आपण मराठीत नाक मुरडल्याशिवाय उच्चारतच नाही. गाणारा धंदेवाईक, लिहिणारा धंदेवाईक; आणि कपड्यांच्या जाहिरातींचे फोटो काढणारा तर विचारूच नका! मी आज अशाच एका धंदेवाईक माणसाबद्दल बोलणार आहे. त्याचं नाव रिचर्ड अ‍ॅव्हेडन, फॅशनचे फोटो काढणारा अमेरिकन छायाचित्रकार. जन्म १९२३चा, न्यूयॉर्कचा. वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं.

या अ‍ॅव्हेडनच्या घरी कुत्रा नव्हता. पण फोटो काढायचा म्हटलं की कुणाचा तरी कुत्रा मागून आणायचे, दुसऱ्याच्या मोटारीपुढे नटूनथटून उभे राहायचे. पुढे मोठेपणी त्याने अल्बम उघडून मोजलं, तर एका वर्षात ११ निरनिराळे कुत्रे! तो म्हणायचा, आमचा अल्बम म्हणजे थाप. पण आम्हाला कोण व्हायचं होतं, ते त्यात अगदी खरं उतरलंय. तो मागून आणलेला कुत्रा लक्षात ठेवा, श्रोतेहो. फॅशनच्या फोटोत दुसरं काय असतं?

दुसऱ्या महायुद्धात त्याने व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचे ओळखपत्रांसाठी फोटो काढले. मग ‘हार्पर्स बझार’ या फॅशनच्या मासिकात २० वर्षं, नंतर ‘व्होग’. हे सगळं घाईघाईत सांगतोय, कारण मला पोचायचंय हत्तींपाशी.

ऑगस्ट १९५५. पॅरिसमधली ‘सर्क दिव्हेर’ ही जुनी सर्कस. अ‍ॅव्हेडन तिथे गेला आणि वर काचेचं प्रचंड छत, त्यातून झिरपणारा उजेड, आणि त्या उजेडात हत्ती! सुरकुतलेली कातडी, पायात साखळ्या. त्याला चित्र तिथेच दिसलं. हत्तींच्या मधे त्याने उभी केली डोव्हिमा, त्या काळची गाजलेली मॉडेल. डोरोथी, व्हर्जिनिया, मार्गारेट या तिच्या तीन नावांची पहिली अक्षरं जोडून झालं डोव्हिमा. अंगात डिओर या पॅरिसच्या बड्या फॅशन कंपनीचा काळा पायघोळ पोशाख, कमरेला पांढरा रेशमी पट्टा. पोशाख कुणी बेतला होता? डिओरकडे नुकत्याच लागलेल्या इव्ह सँ लोराँ नावाच्या पोराने. वय वर्षं १९! हत्ती अस्वस्थ, पाय उचलतायत. आणि ही बाई हात हत्तींवर ठेवून, मान वर करून अशी उभी की जणू आपल्याच दिवाणखान्यात आहे.

त्यातला एक फोटो जगभर गेला. २०१० साली त्याची एक मोठी प्रत लिलावात ८ लाख ४१ हजार युरोंना गेली. घेतली कुणी, तर डिओरनेच! आणि डोव्हिमा? ती त्याआधी २० वर्षं, १९९० साली वारली. अखेरच्या काळात ती फ्लोरिडात एका पिझ्झाच्या हॉटेलात गिऱ्हाइकांचं स्वागत करायची. फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव, शिंप्याचं नाव, आणि हत्तींशेजारी उभं राहणारीचं नाव सगळ्यांत बारीक. मला हे कधीच पटलेलं नाही. असो, विषय तो नाही.

विषय पट्ट्याचा आहे. इतकं कौतुक झालं, पण अ‍ॅव्हेडन म्हणायचा, हा फोटो फसलाय. का? तर तो पांढरा पट्टा डावीकडे उडायला हवा होता! तो उडाला असता तर चित्राची रेघ पुरी झाली असती. तो उडाला नाही आणि त्या क्षणी आपल्याला ते सुचलं नाही. पट्टा, श्रोतेहो, नुसता एक पट्टा! मासिक खूश, डिओर खूश, पैसे मिळालेले. तरी या धंदेवाईक माणसाला तो पट्टा जन्मभर सलत राहिला.

आणि हाच ‘फसलेला’ फोटो, चांगला पुरुषभर उंचीचा करून, त्याने आपल्या स्टुडिओच्या दाराशी टांगला होता. येताजाता दिसेल असा.

नमस्कार.