कॅमेरा म्हणजे खोली

हे भिंतीवर जे दिसतंय ना, ते प्रोजेक्टरनं दाखवलेलं नाहीये. भर दुपारी खोलीच्या खिडक्या काळ्या कागदानं बंद केल्या, फटी राहिल्या तिथं चिकटपट्टी लावली आणि पेन्सिल जाईल एवढं एकच भोक ठेवलं. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, मग हळूहळू समोरच्या भिंतीवर बाहेरचा रस्ता उमटतो, पण उलटा. आभाळ खाली, रिक्षा छताला चिकटून चाललीये, आणि समोरच्या गॅलरीतली ती वाळत घातलेली साडी बघा, वरच्या दिशेला लोंबतेय. तीही तिच्या रंगासकट!

अशा खोलीला लॅटिनमधे म्हणतात कामेरा ऑब्स्कूरा, म्हणजे अंधारी खोली. ग्रहांच्या कक्षा शोधणाऱ्या केप्लरनं १६०४ च्या आपल्या पुस्तकात हे नाव वापरलं. पुढं खोलीची पेटी झाली, भोकात भिंग बसलं, १८३९ मधे पॅरिसला दागेर नावाच्या फ्रेंच चित्रकाराची, पेटीतलं चित्र कायमचं पकडायची पद्धत जाहीर झाली, आणि नावातला अंधार गळून गेला. उरली नुसती खोली, जी आज आपल्या खिशात असते.

शब्द मूळचा ग्रीक, कामारा, कमानीचं छत. रोमन लोकांनी तो उचलला, आणि छताचा अर्थ सरकत सरकत खाली अख्ख्या खोलीवर आला. फ्रेंचमधे शांब्र, जर्मनमधे कामर, इंग्रजीत चेंबर. इटलीत आजही हॉटेलच्या काउंटरवर कामेरा मागितला तर हातात खोलीची किल्ली देतात. मला स्वतःला स्पेनची गोष्ट सगळ्यात आवडते, तिथं एका खोलीत राहणारे शिपाई एकमेकांना कामारादा म्हणायचे, त्याचाच फ्रेंचमार्गे कॉम्रेड झाला. म्हणजे मोर्चात आपण ज्याला कॉम्रेड म्हणतो तो मुळात रूममेट!

आणि पोर्तुगीज लोकांबरोबर हाच शब्द आपल्या किनाऱ्यावर उतरला, त्यातून हिंदीतला कमरा आला. कमऱ्यात कॅमेरा म्हटलं की एकच शब्द दोनदा येतो.

आता आपल्या बातम्यांमधलं इन कॅमेरा. कोर्टाच्या भाषेत त्याचा जुनाच अर्थ टिकलाय, खोलीच्या आत, दार लावून. बलात्काराच्या खटल्याची सुनावणी इन कॅमेरा होते ती एवढ्यासाठीच की पीडितेला भरल्या कोर्टात बोलावं लागू नये. पण त्याच पेपरात दुसऱ्या पानावर बातमी असते, नातेवाइकांनी इन कॅमेरा शवविच्छेदनाची मागणी केली. तिथं अर्थ बरोबर उलटा, शूटिंग करा, म्हणजे उद्या कुणाला काही लपवता येणार नाही. कुणी ह्याला चूक म्हणेल, मला नाही म्हणवत. शवागाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला बंद दाराचीच तर भीती असते, आणि तो नेमका तोच शब्द घेऊन दार उघडायला सांगतोय.