सकाळचं ‘पास’ आणि वर्षाचा आलेख

फुप्फुसाच्या कॅन्सरचे एक काका आहेत असं समजा. केमोच्या आधी पेट-सीटी झालं (गाठ किती सक्रिय आहे ते दाखवणारा स्कॅन), तेव्हा गाठीचा आकडा होता १०. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन, आकडा ७.२५. उतार साडेसत्तावीस टक्के. बरेच डॉक्टर तीस टक्के उतार झाला तर औषध लागू पडलं असं धरतात, म्हणजे काका थोडक्यात राहिले. आता गंमत ऐका. केमोनं काकांचं वजन ६८ वरून ६१ वर आलं होतं, पण काउंटरवर फाइलमधलं जुनंच वजन टाकलं गेलं. खरं वजन घातलं की आकडा येतो ६.५ आणि उतार पस्तीस टक्के! गाठ तीच, मशीनही तेच.

हा आकडा म्हणजे एसयूव्ही. स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सर्गी औषध सगळ्या शरीरात सारखं पसरलं असतं तर जेवढं भरलं असतं, त्याच्या किती पट ते गाठीत साठलंय, एवढाच त्याचा अर्थ. त्यात वजन येतं, डोस येतो, वेळ येते. लिम्फोमात, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, गाठीची तुलना त्याच स्कॅनमधल्या यकृताशी करतात, त्यामुळे तिथे अशी चूक बरीचशी कटून जाते. सगळीकडे ती सोय नाही.

क्यूसी, म्हणजे मशीनची नेमाची तपासणी, म्हटलं की लोकांना बिघाड आठवतो. बिघडलेलं मशीन मला आवडतं, ते निदान ओरडून सांगतं. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी आमचा टेक्नॉलॉजिस्ट शिशाच्या आवरणातून किरणोत्सर्गी जर्मेनियम-६८चा, माहीत असलेल्या ताकदीचा दंडगोल काढून टेबलावर बसवतो. डिटेक्टरचा एखादा ब्लॉक मेला असेल तर सायनोग्रामवर, म्हणजे डिटेक्टरच्या कच्च्या नोंदींच्या चित्रावर, तिरका काळा पट्टा उमटतो, शिकाऊ पोरालाही दिसतो. सीटीसाठी पाण्याचा फँटम, म्हणजे तपासणीचं पाणी भरलेलं भांडं: पाणी शून्याच्या आसपास, चार-पाच हाऊन्सफील्ड (सीटीचं एकक) इकडेतिकडे चालतं. ते महत्त्वाचं, कारण शरीरात किती किरण अडले याचा हिशेब पेट सीटीकडूनच उसना घेतं. १९९८ साली पिट्सबर्गमध्ये टाउनसेंड आणि नट यांचं पहिलं पेट-सीटी चालू झालं तेव्हापासून हा संसार असाच आहे. कव्हर एक, आत यंत्रं दोन. सर्व्हिसिंगला ती एकमेकांपासून सरकवली, तर दोन्ही चित्रं एकावर एक नीट बसतात का हे पुन्हा तपासल्याशिवाय पेशंट घेऊ नये.

पण स्क्रीनवरचं हिरवं ‘पास’ फक्त आजचं सांगतं. काकांचा प्रश्न तीन महिन्यांचा आहे. म्हणून दंडगोल मोजून येणारा रोजचा आकडा मी आलेखावर मांडायला लागलो. फार काही नाही, साधी एक्सेलची शीट. वर्षभराचे ठिपके एकत्र पाहिले आणि एका शुक्रवारी तीन टक्क्यांची पायरी दिसली. रोज ‘पास’, मर्यादेच्या आतच. इंजिनिअरच्या मागे लागलो, एसीच्या नोंदी काढल्या, कारण डिटेक्टर तापमानाला हळवे असतात. काही सापडेना. शेवटी कळलं, त्या दिवशी दंडगोल बदलला होता. जर्मेनियमचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा वेळ, २७१ दिवस, महिन्याला सात टक्के विझतं, त्यामुळे वर्ष-दीड वर्षानं नवा घ्यावाच लागतो. आणि दंडगोलाच्या प्रमाणपत्रावरच्या आकड्यालाही थोडी ढील असतेच. मशीन हललंच नव्हतं, फूटपट्टी बदलली होती. जुना तोवर परत गेला होता, नाहीतर दोन्ही एकाच दिवशी मोजून अर्ध्या तासात उलगडा झाला असता. आता तसंच करतो.

जाता जाता घड्याळाचं सांगतो. टोचायच्या औषधातल्या किरणोत्सर्गी एफ-१८चं (फ्लोरिनचं) अर्धायुष्य ११० मिनिटं. आमच्या इंजेक्शनच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, किती दिवस ते देव जाणे. डोसची आणि टोचल्याची वेळ त्यावर बघून लिहायची, स्कॅनची वेळ मशीन स्वतःच्या घड्याळानं घ्यायचं. मशीनला वाटायचं, औषध दहा मिनिटं जास्त विझलंय. प्रत्येक आकडा सुमारे सहा टक्के फुगलेला. कोटींच्या मशीनची कसून तपासणी, आणि घोळ करत होता पेन्सिल सेल. ते घड्याळ उतरवलं. खिळा अजून तिथेच आहे. सिस्टर अधूनमधून सवयीनं वर बघतात आणि मग मॉनिटरकडे वळतात.