व्हिसावरची तारीख आणि मुक्कामाचे दिवस

नमस्कार श्रोतेहो.

परदेशात राहणाऱ्या मुलाकडे किंवा लेकीकडे जायचं ठरतं. अमेरिकेचा व्हिसा हातात पडतो आणि त्यावर दहा वर्षांनंतरची तारीख दिसते. घरात कोणीतरी लगेच म्हणतं, ‘आता काय, हवं तितके दिवस राहा!’ हा गैरसमज फार महागात पडतो, म्हणून आज त्याबद्दलच बोलणार आहे.

ती तारीख एवढंच सांगते, की त्या दिवसापर्यंत तुम्ही अमेरिकेच्या दाराशी जाऊन आत येऊ द्या म्हणू शकता. आत किती दिवस राहायचं, हे दारात बसलेला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. पर्यटकाला बहुधा सहा महिने मिळतात. त्याने दिलेली तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांना हा कागद आता सहसा हातात मिळत नाही. तिथल्या सीमा विभागाच्या संकेतस्थळावर पासपोर्टचा नंबर घालून नोंद पाहावी लागते. पोचल्यावर दोन-चार दिवसांत ती पाहाच. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर मुक्कामाची तारीखही अलीकडे आलेली असू शकते. उलट, तुम्ही तिथे असताना व्हिसा संपला तरी घाबरू नका. आय-९४वरची तारीख पुढे आहे ना? मग तुम्ही नियमातच आहात.

ती तारीख ओलांडली तर मात्र एका दिवसानेही व्हिसा रद्दबातल होतो, मग त्यावर कितीही वर्षं उरलेली असोत. १८० दिवसांहून जास्त पण वर्षाच्या आत बेकायदा राहून परतलेल्याला तीन वर्षं प्रवेशबंदी लागू होते, वर्ष किंवा अधिक राहिलेल्याला दहा वर्षं. नातवंडांची शाळा, लग्नं, वाढदिवस सगळं त्या दहा वर्षांत होऊन जातं.

युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशोब निराळा आहे आणि तिथेच माणसं सर्वांत जास्त गोंधळतात. हे २९ देश मिळून एकच घर समजा. कोणत्याही १८० दिवसांत या घरात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आलेला दिवस धरायचा, निघालेला दिवसही धरायचा. आता ‘कोणत्याही १८० दिवसांत’ म्हणजे काय? मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून, तो दिवस धरून १८० दिवस मोजायचे. समजा, तुम्ही १ जानेवारी ते ३१ मार्च राहिलात. लीप वर्ष नसेल तर हे बरोबर ९० दिवस झाले. एप्रिल, मे आणि जवळजवळ सगळा जून तुम्हाला पाय ठेवता येणार नाही. ३० जूनला १ जानेवारीचा दिवस हिशोबातून गळतो, तेव्हा दार उघडतं. फ्रान्समध्ये ४५ दिवस आणि इटलीत वेगळे ९०, असं चालत नाही. शिवाय शेंगेनच्या स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ तारखा वेगळ्या आणि दिवसांची संख्या वेगळी छापलेली असते. ‘पर्यंत’च्या रकान्यात महिनाअखेर असली आणि दिवस १५ असले, तर तुम्हाला १५च दिवस मिळाले आहेत. ऑक्टोबर २०२५पासून तिथे शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद ठेवायला टप्प्याटप्प्याने सुरुवात झाली. त्यामुळे पुसट शिक्का कोण वाचतोय, या भरवशावर कोणी राहू नये.

ब्रिटनचा व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा मिळाला, तरी एका फेरीत साधारणपणे सहा महिनेच राहता येतं. कॅनडात पासपोर्टवर वेगळी तारीख लिहून दिली नसेल, तर पोचल्यापासून सहा महिने धरतात. ऑस्ट्रेलियात मंजुरीचं पत्र नीट वाचा. त्यात ८५०३ ही अट असेल, तर तिथे बसून मुदत वाढवून मिळत नाही.

‘शेजारच्या देशात चार दिवस जाऊन आलं की दिवस नव्याने सुरू होतात,’ हा सल्ला मला फार धोक्याचा वाटतो. अमेरिकेतून कॅनडा किंवा मेक्सिकोला थोडे दिवस जाऊन आल्यावर सहसा जुनीच मुदत चालू राहते. शेंगेनमधून बाहेर पडलात तर मोजणी फक्त थांबते, वापरलेले दिवस १८० दिवसांच्या हिशोबातून गळेपर्यंत परत मिळत नाहीत.

परतीचं तिकीट शेवटच्या दिवसाचं काढू नका. विमान रद्द होतं, वादळ येतं, मध्यरात्रीच्या विमानात तारीख बदलते. आठवडाभर हातात ठेवलेला बरा.

आणि तिथे कोणी आजारीच पडलं तर? गप्प बसून तारीख जाऊ देऊ नका. मुदत संपण्याआधी अर्ज करा. अमेरिकेत तो ४५ दिवस आधी करायला सांगतात, कॅनडात ३० दिवस आधी. शेंगेन देशांत प्रवासच अशक्य करणारं गंभीर कारण सिद्ध करता आलं तर व्हिसा विनाशुल्क वाढवून मिळतो, तेव्हा डॉक्टरांचं पत्र पहिल्याच दिवशी मागून ठेवा. मुलांसोबत जास्त काळ राहायचंच असेल, तर त्यासाठी असलेला व्हिसा आहे का, हे निघण्याआधी पाहा. कॅनडात आईवडील आणि आजीआजोबांसाठी सुपर व्हिसा आहे. २०२२पासून त्यावर एका फेरीत पाच वर्षांपर्यंत राहता येतं.

नमस्कार.