तळाचा पत्रा उतरवल्यावर

(दृश्य: लिफ्टवर उचललेली गाडी, कॅमेरा खालून वर)

गाडीच्या पोटाखालचा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा एकेक स्क्रू काढून सैल केला जात आहे, आणि तो खाली येताच त्याच्या मागच्या कडेला साचलेली ओलसर माती, वाळू आणि कुजलेली पाने जमिनीवर पडत आहेत. ही माती निरुपद्रवी दिसते. परंतु ती रस्त्यावरचे मीठ धरून ठेवते, मीठ ओल धरून ठेवते, आणि या गाडीला खरा धोका तिथूनच आहे. ॲल्युमिनियमवर पोलादासारखा तांबडा गंज चढत नाही, म्हणून ॲल्युमिनियमच्या गाडीची काळजीच नको, असे मानणारे पुष्कळ आहेत. पुढची दृश्ये त्यांच्या मताला फारसा आधार देणार नाहीत.

ही पहिल्या पिढीची लोटस एलीझ ही छोटी स्पोर्ट्स गाडी आहे. 1995 साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली, 1996 मध्ये इंग्लंडच्या नॉर्फक परगण्यातील हेथेल येथे तिचे उत्पादन सुरू झाले आणि 2021 च्या अखेरीस ते थांबले, तोपर्यंत सर्व पिढ्या मिळून 35,000हून अधिक एलीझ तयार झाल्या होत्या. पहिल्या पिढीच्या गाडीचे वजन साधारण 725 किलो होते. आजच्या बहुतेक छोट्या कौटुंबिक गाड्याही त्याहून जड असतात, आणि एलीझच्या या हलकेपणाचे मूळ तिच्या चासीत, म्हणजे सांगाड्यात आहे.

(दृश्य: आसने आणि गालिचे काढलेली उघडी चासी)

अभियंता रिचर्ड रॅकहॅम यांनी आखलेल्या या चासीचे वजन केवळ 68 किलो आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा तापवलेला ठोकळा प्रचंड दाबाने साच्याच्या छिद्रातून ढकलला की त्या छिद्राच्या आकाराची लांबच लांब पोकळ पट्टी बाहेर येते. तिच्या आत आडव्या भिंती, कडेला खाचा, दुसरी पट्टी नेमकी बसावी म्हणून ओठ, असे सगळे एकाच वेळी घडवता येते. अशा पट्ट्या हव्या त्या लांबीला कापून, पृष्ठभागावर संरक्षक थर चढवणारे त्यांचे अ‍ॅनोडायझिंग करून, त्या इपॉक्सी गोंदाने एकमेकींना चिकटवल्या जात आणि मग हा गोंद भट्टीत पक्का केला जात असे. सुरुवातीचे हे काम डेन्मार्कमधील टोंडर येथे हायड्रो ॲल्युमिनियमच्या कारखान्यात होत होते. जोडांवर दिसणारे हे मोजके स्क्रू भार वाहण्यासाठी नाहीत. अपघाताच्या धक्क्याने गोंदाचा जोड एका टोकापासून सोलला जाऊ नये, यासाठी ते आहेत.

वेल्डिंग का केले नाही, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. उष्णतेने संस्कार करून बळकट केलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू वेल्डिंगच्या आसपास पुन्हा मऊ पडतो आणि ती कमजोरी भरून काढण्यासाठी भिंती जाड ठेवाव्या लागतात. गोंद वापरल्यामुळे त्या पातळ ठेवता आल्या. मात्र जी भिंत मुळातच पातळ आहे, तिच्यातून क्षरणाने थोडी जरी धातू खाल्ली, तरी ती गमावलेली धातू प्रमाणाने मोठी असते. हलकेपणाचे गुणगान करताना ही बाजू सहसा सांगितली जात नाही.

(दृश्य: पांढऱ्या चूर्णाचा जवळून घेतलेला भाग)

उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतील प्राणवायूमुळे ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर आपोआप तयार होतो, आणि खरवडला तरी तो लगेच पुन्हा धरतो. अ‍ॅनोडायझिंगमध्ये हाच थर मुद्दाम कितीतरी पट जाड केला जातो. साध्या पावसाच्या पाण्यापुढे हा थर टिकतो. मिठातील क्लोराइडपुढे मात्र तो जागोजागी फुटतो, तेथे सुईने टोचल्यासारखे खड्डे पडतात आणि खड्ड्याच्या तोंडाशी हे पांढरे चूर्ण जमते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खाणीतले मीठ पसरले जाते. चेशायरमधील विन्सफर्डची खाण त्यासाठी प्रसिद्ध आहे. हे मीठ एकदा चासीच्या खाचेत गेले की ते नुसते गाडी वाळवून निघत नाही, कारण हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून घेऊन विरघळते. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे क्षरणही त्यामुळे चालूच राहते.

दुसरे कारण या चौकटीत अधिक स्पष्ट दिसते. चासी ॲल्युमिनियमची असली तरी विशबोन (चाकाला चासीशी जोडणारे दुभंगलेले दांडे) पोलादी आहेत, मागची सबफ्रेम (चासीला जोडलेली उपचौकट) जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहे, बोल्ट पोलादी आहेत आणि विजेच्या तारांची टोके तांब्याची आहेत. दोन वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि त्यांच्यावर खारट पाण्याचा ओघळ असला, की तेथे एक छोटी बॅटरी तयार होते आणि तिच्यात अधिक क्रियाशील धातू झिजतो. जस्त ॲल्युमिनियमहून अधिक क्रियाशील आहे. म्हणून मुलामा शाबूत असेपर्यंत झीज जस्ताच्या वाट्याला येते आणि ॲल्युमिनियम वाचते. जस्त संपून पोलाद उघडे पडले की क्रम उलटतो आणि झीज चासीकडे वळते. सबफ्रेमच्या कोपऱ्यावरील हा तपकिरी डाग सबफ्रेमपुरता मर्यादित नाही, तो शेजारच्या ॲल्युमिनियमसाठीही इशारा आहे.

(दृश्य: धुलाई)

काम धुलाईपासून सुरू होते आणि ती घाईने उरकण्याची गोष्ट नाही. कोमट पाणी, उदासीन साबण, नायलॉनचा ब्रश आणि कमी दाबाची धार एवढेच साहित्य येथे वापरले जात आहे. इंजिनाचे तेल झटक्यात काढणारी तीव्र क्षारीय रसायने आणि चाके चकचकीत करणारी आम्लयुक्त रसायने दोन्ही दूर ठेवलेली आहेत, कारण ऑक्साइडचा थर तीव्र आम्ल आणि तीव्र क्षार या दोहोंत विरघळतो. पोलादी तारेचा ब्रशही वर्ज्य आहे. त्याचे सूक्ष्म कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि प्रत्येक कण क्षरणाचे नवे केंद्र होतो. धार प्रत्येक पोकळ पट्टीच्या टोकात आणि पत्र्याच्या मागच्या खाचेत धरली जाते, बाहेर येणारे पाणी स्वच्छ होईपर्यंत.

आतल्या जमिनीवरचा गालिचा उचलल्यावर हा जो काळसर ओला पट्टा दिसतो, तो छप्पर आणि दारांच्या रबरी पट्ट्यांतून झिरपलेल्या पाण्याचा आहे. गालिच्याखाली हवा खेळत नाही, बुटांना लागून आलेले मीठ तेथेच राहते आणि वरून काहीही दिसत नाही. काही मालक गालिचा काढून टाकतात आणि उघड्या ॲल्युमिनियमवरच पाय ठेवतात. गाडीच्या आतल्या भागात याहून चांगली सुधारणा शोधून सापडणार नाही.

(दृश्य: विशबोनचा बोल्ट)

आता या चित्रफितीतील सर्वांत लांब प्रसंग. विशबोनच्या रबरी बुशच्या, म्हणजे धक्के शोषणाऱ्या गादीच्या, मध्यभागी पोलादी नळी असते आणि तिच्यातून बोल्ट जातो. वर्षानुवर्षे ओल शिरून नळी आणि बोल्ट गंजाने एकजीव झालेले आहेत. पान्याने जोर लावला की बोल्ट फिरतो आहे असे वाटते, परंतु प्रत्यक्षात बोल्टसोबत नळी फिरते आणि रबर पिळवटते. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले जाते, दुसऱ्या दिवशी बोल्ट थोडा आवळून मग थोडा सैल केला जातो, पुन्हा तेल, पुन्हा तीच पुढे-मागे हालचाल. एरवी अशा वेळी गॅसची ज्योत हाती घेतली जाते. येथे ती जवळही आणलेली नाही, कारण उष्णतेने इपॉक्सी गोंद मऊ पडतो आणि काही सेंटिमीटरवरचा जोड बाहेरून जसाच्या तसा दिसत असताना आतून निकामी होऊ शकतो. शेवटी पातळ पात्याच्या करवतीने बोल्ट बुशच्या दोन्ही बाजूंनी कापला जातो. या कामात वेळ जातो, बुश वाया जाते, पण चासीला ओरखडाही पडत नाही.

नवीन बोल्ट निवडताना चकाकी पाहून स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घेण्याचा मोह होतो, आणि या गाड्यांच्या मालकांमध्ये तो फार पसरलेला आहे. सामान्य स्टेनलेस बोल्टची ताकद सस्पेन्शनसाठी लागणाऱ्या बोल्टइतकी नसते आणि ॲल्युमिनियमशी त्याचे विद्युत-अंतर साध्या पोलादापेक्षाही जास्त असते. येथे मूळ दर्जाचे, जस्ताच्या सूक्ष्म चकत्यांचा लेप असलेले उच्च ताकदीचे बोल्ट वापरलेले आहेत. जुने उच्च ताकदीचे बोल्ट आम्लात धुऊन विजेने मुलामा देणाऱ्याकडे पाठवणे धोक्याचे असते. त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरतो आणि बोल्ट भाराखाली अचानक तुटू शकतो.

बोल्टच्या गुळगुळीत भागावर आणि नळीच्या आत लावले जाणारे हे ग्रीस तांब्याचे नाही. तांब्याचे कण असलेले ग्रीस ब्रेकच्या कामातून सगळ्यांच्या ओळखीचे झालेले आहे, परंतु ॲल्युमिनियमच्या शेजारी तांबे नेऊन ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. जेथे पोलाद थेट चासीला टेकते तेथे धातू वेगळे ठेवणारी लुकणासारखी पेस्ट भरली जाते आणि वॉशरखाली नायलॉनची चकती येते, मात्र केवळ हलक्या जोडांवर. सस्पेन्शनच्या जोडात नायलॉन दबते आणि बोल्टचा ताण सैल होतो. ग्रीस आट्यांना लागले तर त्याच टॉर्कला (पान्याने पिळण्याच्या जोराला) बोल्ट अधिक ताणला जातो, म्हणून आटे पुसून कोरडे केलेले आहेत.

शेवटी पोकळ्यांत पातळ मेण फवारले जाते. ते आधी खाचांत झिरपते आणि नंतर घट्ट होते. बाहेरच्या उघड्या भागावर लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या मेणाचा) पातळ हात पुरतो. जाड डांबरी लेप मुद्दाम टाळलेला आहे, कारण त्याला तडा गेला की पाणी आत अडकते आणि वरून लेप शाबूत दिसतो. चासीची भिंत खोलवर खाल्ली गेली, तर ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शनच्या जोडापासून 30 सेंटिमीटरच्या आतील असे नुकसान गाडी नापास करू शकते.

(दृश्य: पुढचे आवरण उतरवताना)

सुधारणांपैकी रेडिएटर प्रथम, कारण त्यासाठी गाडीचे संपूर्ण पुढचे फायबरग्लासचे आवरण उतरवावे लागते आणि ते दृश्य पाहण्यासारखे आहे. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या जुन्या रेडिएटरच्या जागी पूर्ण ॲल्युमिनियमचा बसतो, आणि तो चासीला टेकू नये म्हणून रबराच्या गाद्यांवर ठेवला जातो. रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्याने कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) लांब नळ्या बाजूच्या उंबरठ्यांतून जातात. बाहेर येणारे हे तपकिरी पाणी सांगते की कूलंटमधील क्षरणरोधक केव्हाच संपलेले आहे. दोन प्रकारचे कूलंट एकत्र करू नयेत, आणि नळाच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे. या रोव्हर के-सिरीज इंजिनात कूलंट थोडे असते आणि हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधला जोड बंद ठेवणारा थर) नाजूक असते, म्हणून थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघडणारी झडप) इंजिनापासून दूर बसवण्याची सुधारणा प्रचलित आहे. तिच्यामुळे गरम इंजिनात एकदम थंड पाणी शिरत नाही.

कार्बन फायबरचे आरसे, पट्ट्या आणि मागचे पंख या गाड्यांवर नेहमी दिसतात. कार्बन विद्युतवाहक आहे आणि ॲल्युमिनियमच्या दृष्टीने तो स्टेनलेसहूनही वाईट शेजारी आहे, त्यामुळे मधे काचतंतूचा थर किंवा रबराची पट्टी असल्याशिवाय तो चासीवर स्क्रूने आवळू नये. तीच गोष्ट अग्निशामकासाठी किंवा कॅमेऱ्याच्या दांड्यासाठी पाडलेल्या भोकांची. प्रत्येक भोक अ‍ॅनोडायझिंग फोडते, आणि उघडी कड रंगवल्याशिवाय त्यात रिव्हेट मारू नये. शक्य असेल तेथे आधीपासून असलेल्या भोकातच काम भागवावे. अर्थिंगच्या तारेचे तांब्याचे टोक कथिलाचा मुलामा दिलेले घ्यावे आणि जोड पूर्ण झाल्यावर वरून मेणाने झाकावा.

(दृश्य: चाके जमिनीवर)

गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यानंतरच विशबोनचे बोल्ट अखेरच्या टॉर्कला आवळले जातात, कारण चाके लटकत असताना आवळले तर रबरी बुश कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट तपासली जाते, काही दिवस गाडी चालवून बोल्टचा टॉर्क पुन्हा पाहिला जातो आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर रंगाची एक रेघ ओढली जाते, म्हणजे तो हलला तर पुढच्या वेळी नजरेने कळेल.