जिभेला आठवणारा पाठ

(दृश्य: जामखेडजवळचं गाव, भर दुपार. ओसरीवर बसलेल्या बायका.)

हजार बाळं जन्मली की त्यातली १७६ वर्षाच्या आत दगावत. १९७१ च्या सुमाराचं हे जामखेड, अहमदनगर जिल्ह्याचं दुष्काळी टोक. डॉ. मेबल आरोळे आणि त्यांचे पती डॉ. रजनीकांत आदल्याच वर्षी इथे आले होते. वेल्लोरला डॉक्टर झालेले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकलेले.

बाळं जात ती कशाने? नाळ कापायची विळ्याने, वर लावायची राख, नाहीतर शेण. मग धनुर्वात. हगवण लागली की पाणी बंद. पोटुशी बाई निम्मीच भाकरी खायची. बाळ लहान राहिलं की सुटका सोपी, अशी समजूत. यातल्या एकालाही ऑपरेशन थिएटर लागत नाही.

आधी गावोगाव शिकलेल्या नर्सबाई ठेवून पाहिल्या. त्या काही गावात रमल्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडल्या. बहुतेक निरक्षर, बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, शिकून गावी परतायच्या.

(दृश्य: तांब्या, चमचा, मीठ, साखर.)

हगवणीवरचा पाठ असा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चाखून बघायचं, आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. हे लिहून घ्यायची गरजच नाही, जिभेला आठवतं. नाळेचंही तसंच: पातं उकळायचं, दोरा उकळायचा, हात साबणाने घासायचे आणि नाळेवर काहीही लावायचं नाही. हे शेवटचं पटवणं अवघड, कारण घरातल्या म्हातारीच्या मुठीत राख तयारच असायची.

दुष्काळात आरोळे दांपत्याने कूपनलिका घेतल्या त्या दलित वस्तीत. स्वच्छ पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे यायचं. शिवाशिवीवर एक शब्दही न बोलता केलेलं हे काम मला तर सगळ्यात हुशारीचं वाटतं.

१९७६ पर्यंत १७६ चा आकडा ५२ वर आला. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये गेल्या.

(दृश्य: प्रशिक्षण केंद्रातली खोली.)

पुढे हे काम शिकायला परदेशातून डॉक्टर जामखेडला येऊ लागले. त्यांना शिकवायला याच बायका उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सावरत.