गॅरेजची भिंत: आधी जमीन, मग वीट

श्रोतेहो, नमस्कार.

घराशेजारी सुटं गॅरेज बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, भिंत कशाची घेऊ? लाल वीट, सिमेंटचा ब्लॉक, की तो हलका पांढरा ब्लॉक? माझं म्हणणं एवढंच, की आधी जमीन बघा, पाणी कुठून येतं ते बघा, आणि वीट शेवटी ठरवा.

भिलवडीच्या आमच्या आत्याकडची गोष्ट सांगतो. कृष्णाकाठची काळी जमीन. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, चार इंची वीटकाम आणि वर पत्रा असं मनात धरलेलं. मे महिना होता. म्हातारा गवंडी जागेवर आला, विटांच्या ढिगाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. मागच्या रानात गेला आणि हातातला गज एका भेगेत सोडला. गज हातभर आत गेला. म्हणाला, "मालक, ही भेग पावसात मिटती आन् उन्हाळ्यात परत फाटती. हिच्यावर चार इंची भिंत टिकंल व्हय?"

मामांनी ऐकलं. मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले. चारी कोपऱ्यांना, शटरच्या दोन्ही अंगांना आणि लांब भिंतींच्या मधोमध कॉलम उभे केले. खाली प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या उंचीवर सगळे कॉलम जोडणारी काँक्रीटची तुळई फिरवली, त्यावर नऊ इंची भिंत.

वाद झाला तो जाळ्यांवरून. समोरासमोरच्या दोन्ही भिंतींत, फरशीपासून वीतभर उंचीवर गवंड्याला झरोके ठेवायचे होते. आत्या म्हणाली, साप येतील, उंदीर येतील. त्यानं झरोक्यांना लोखंडी जाळी लावली, पण ते बुजवले नाहीत. "वैनी, पूर आला तर पाणी यायचंच हाय. त्याला वाट द्या, न्हाईतर ते करून घेतंय."

2019 चा ऑगस्ट तुम्हाला सांगायला नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांवर. भिलवडीत घराघरांत पाणी. आत्याच्या गॅरेजात ते झरोक्यांतून शिरलं आणि ओसरताना त्याच वाटेनं गेलं. गाळ राहिला, भिंत जागची हलली नाही. पलीकडच्या गल्लीत एक लांब चार इंची भिंत होती, मध्ये कॉलम नाही, खाली भोक नाही. ती आतल्या बाजूला आडवी झाली. बाहेर मीटरभर पाणी आणि आत कोरडं असेल, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 500 किलोचा रेटा येतो. आत-बाहेर पाणी सारखं झालं की तो रेटा उरत नाही. म्हणून पुन्हा सांगतो: पूरपट्ट्यात झरोके खाली ठेवा, समोरासमोर ठेवा.

यात एक मनातलं बोलतो. हल्ली अख्ख्या अंगणाला पेव्हर ब्लॉक घालतात. पावसाला जिरायला जागा नाही, पारिजातकाला आळं नाही, पोरांना गोट्या खेळायला माती नाही. मला हे अजिबात पटत नाही. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या पुरतात.

आता विटांचं. पांढरा एएसी ब्लॉक वजनाला हलका, त्यामुळे पायावर भार कमी आणि आत ऊनही कमी जाणवतं. पण तो पाणी पितो. पूरपट्ट्यात जोत्याच्या वर काही थर पक्क्या विटेचे घ्या. शटरचे बोल्ट त्या ब्लॉकमध्ये धरत नाहीत, ते कॉलममध्येच मारा. चार इंची भिंतच घ्यायची, तर दोन कॉलममधलं अंतर कमी ठेवा आणि माल एकास चारचा, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू असा वापरा; नऊ इंचीला एकास सहा चालतो.

पाटण, कोयना भागातल्या श्रोत्यांनी शटरच्या वरचा लिंटेल, म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा, चारी भिंतींवरून सलग फिरवावा. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या, कारण त्यांना एकत्र बांधून ठेवणारं काहीच नव्हतं. गॅरेजची एक बाजू तर शटरमुळे उघडीच असते.

वीट रचण्याआधी भिजवा आणि बांधकामावर निदान सात दिवस पाणी मारा. गवंडी दुसऱ्या कामावर गेला, तरी पाणी घरच्यांनी मारायचं, सकाळ-संध्याकाळ. नमस्कार.