सहा पंचाहत्तर

(पाण्यानं भरलेलं कोर्ट. खराट्याचा आवाज.)

आधी खराटा. मग जुना फ्लेक्स. दोघी दोन टोकं धरून पळत सुटतात आणि पाणी गटाराकडे लोटतात. फ्लेक्सवर कुणातरी भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा आहेत. भाऊंचा चेहरा एव्हाना पुसला गेलाय.

ठाणे, जुलै महिना. मागे येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेत. म्हणजे घाई करायला हवी.

कॉलेजच्या मुलींचा हा बास्केटबॉल संघ. कॉलेजला स्वतःचं कोर्ट नाही, म्हणून सराव या वसाहतीच्या मैदानात. निम्म्या जणी ऐरोली, रबाळे, घणसोलीच्या. ट्रान्सहार्बरची लोकल चुकली की वॉर्मअप बुडाला.

(सुतळी, जवळून.)

ही सुतळी नीट बघा. हिला दोन गाठी आहेत, मधलं अंतर ६.७५ मीटर. कोर्टवर रंगवलेली तीन गुणांची रेषा, म्हणजे जिच्यामागून बास्केट केली की दोनाऐवजी तीन गुण, रिंगच्या मध्यापासून ६.२५ मीटरवर आहे. नियमातली रेषा अर्धा मीटर मागे सरकली २०१० साली. तेव्हा या मुली बालवाडीत होत्या. बास्केटखालचा चौकोनही तेव्हाच बदलला. इथे अजून जुना, खाली फाकलेला पट्टाच आहे. रंगाचा एक डबा आणायला इतकी वर्षं कुणाला सवड झालेली नाही.

मग रोज हा उद्योग. मागच्या रेषेपासून दीड मीटरहून जरा आत, बरोबर रिंगच्या मध्याखाली, एक जण गाठीवर टाच दाबून उभी राहते. दुसरी सुतळी ताणून खडूनं कमान काढत जाते. अर्धा मीटर म्हणजे एक पाऊल. पण सवय जुन्या रेषेची लागली, तर सामन्यात बूट नव्या रेषेवर पडतो आणि तीनाचे दोन होतात.

पाऊस आला की कमान धुऊन जाते. परवा एका संध्याकाळी तिसऱ्यांदा काढली.

(थेंब. खडूचं पांढरं पाणी.)

गंमत अशी, की हा खेळ जन्मालाच आला छपरासाठी. १८९१च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेर खेळता येईना, म्हणून जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या टोपल्या टांगल्या. रिंग आजही तेवढ्याच उंचीवर आहे, दहा फूट. छप्पर मात्र आपल्याकडे वाटेत कुठंतरी राहून गेलं.

(चेंडू, हातात फिरवताना.)

सहा नंबरचा चेंडू. सिमेंटवर आपटून दाणे झिजलेत. ओला झाला की साबणाच्या वडीसारखा सटकतो. म्हणून सर पावसाळ्यात ड्रिबल कमी करायला लावतात, पास जास्त. छातीतून, दोन्ही हातांनी.

(मोबाइलवरचं चित्रीकरण, हलतं. लाकडी कोर्ट.)

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची अंतिम फेरी. त्यांना कुणी धरलंच नव्हतं. एका बास्केटच्या फरकानं जिंकल्या.

(निवेदन नाही. शिट्टी, किंचाळ्या, लाकडावर कर्रकन वाजणारे बूट.)

(तेच मैदान. संध्याकाळ.)

ऑक्टोबर. नवरात्रीच्या मांडवाचे वासे उभे राहिलेत, त्यातले चार कोर्टात. चषक स्टँडजवळ, पिशवीत. टाच गाठीवर, सुतळी ताणलेली. खडू उजव्या कोपऱ्यातून निघतो, रिंगच्या समोर येतो आणि सुतळी वाशाला अडते.

आजचा सराव उजव्या बाजूनंच.